गाळ निघाला, पाणी आले. आमचा वाटा कुठे?

बुलढाणा जिल्हा म्हटला की पाहुण्यांना तीन नावे आठवतात. शेगाव, सिंदखेड राजा आणि लोणार. लोक गाडी करून येतात, तिन्ही ठिकाणे एका दिवसात उरकतात आणि रात्रीच परतीच्या वाटेला लागतात. आम्ही गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वेगळे ठरवले. देवळे नकोत, वाडे नकोत. या जिल्ह्यातली तळी पाहायची. आम्ही पाच जण होतो. दोन बाया, दोन पुरुष आणि आठवीतली एक पोरगी.

"मे महिन्यात तळ्यात काय पाहायचं? पाणी तर नसंलच," असे आमच्या वहिनींनी निघतानाच विचारले. प्रश्न रास्त होता. पण तळे आटलेले असते तेव्हाच ते नीट कळते. गाळ किती साचला, भिंत कुठे खचली, कोणाचे वावर किती आत घुसले, सारे उघडे पडलेले असते. शिवाय आमच्या मनात एक प्रश्न होता. गेली आठ-दहा वर्षे या जिल्ह्यात गाळ काढण्याची, नाले खोल करण्याची आणि श्रमदानाची एवढी कामे झाली. मंत्र्यांची भाषणे झाली, वर्तमानपत्रांत फोटो आले. या सगळ्यातून आपल्या वस्तीच्या वाट्याला काय आले, ते आपल्या डोळ्यांनी पाहावे असे वाटत होते.

आधी थोडे जिल्ह्याविषयी सांगितले पाहिजे. इथली माणसे एकमेकांना दोनच प्रकारे ओळखतात, घाटावरचे आणि घाटाखालचे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. बुलढाणा शहर वर आहे आणि राजूर घाट उतरला की मोताळा, मलकापूर, नांदुरा हा पूर्णा नदीचा सपाट मुलूख लागतो. नळगंगा आणि ज्ञानगंगा उत्तरेला धावत पूर्णेला मिळतात आणि पूर्णा तापीला. पैनगंगा मात्र याच डोंगरात उगम पावून पूर्वेकडे जाते आणि तिचे पाणी शेवटी गोदावरीत पोचते. म्हणजे एकाच डोंगरावर पडलेल्या पावसाचे एक थेंब पश्चिमेच्या समुद्राला जाते, दुसरे पूर्वेच्या. जिल्ह्यात थांबते किती, हाच काय तो खरा प्रश्न. घाटाखाली शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे तर आणखी वेगळे दुखणे आहे. तो खारपाणपट्टा. जमिनीखाली पाणी आहे, पण तोंडात धरवत नाही. तिथल्या मूत्रपिंडाच्या आजाराविषयी अनेकांनी लिहिले आहे. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पहिला मुक्काम मोताळा तालुक्यात. रस्त्याच्या कडेला एक पाझर तलाव दिसला म्हणून गाडी थांबवली. तळ कोरडा होता आणि त्यात एक पिवळा जेसीबी काळी माती खरवडून ट्रॅक्टरमध्ये भरत होता. बांधावर लिंबाच्या सावलीला एक आजी शेळ्या राखत बसल्या होत्या. जयभीम झाला. कोण, कुठले, पोरगी कोणाची, असे सारे विचारून झाल्यावर आजींनी काठीने तलावाची भिंत दाखवली.

"हे आमी बांधेल हाय. बहात्तरच्या दुष्काळात. मी चवदा-पंधरा वर्साची असीन. मायसंगं याची. ती खोदे, मी टोपलं वाहे. सुकडी भेटे खायाले अन् घरी लाल मिलोची भाकर."

एवढे सांगून आजी शेळीमागे उठल्या. आम्ही मात्र बांधावर उभेच राहिलो. १९७२ चा दुष्काळ आमच्यापैकी काहींच्या आईवडिलांनी भोगलेला. खडी फोडण्याची, नालाबांध घालण्याची, पाझर तलाव खोदण्याची कामे तेव्हा महाराष्ट्रभर निघाली आणि त्यावर सर्वांत जास्त राबली ती भूमिहीन माणसे. त्यांत आपली माणसे फार मोठ्या संख्येने होती, आणि बायांचे हात पुरुषांच्या बरोबरीने होते. त्याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. तो १९७९ पासून राज्यात लागू झाला. आज ज्या तळ्यांचा गाळ काढण्याचे समारंभ होतात, त्यांतली कितीतरी तळी अशा आज्यांनी डोक्यावरच्या टोपल्यांनी उभी केलेली आहेत. समारंभाच्या फलकावर त्यांची नावे आम्हाला कुठेच दिसली नाहीत.

आता गाळाचे गणित पाहू, कारण ते समजल्याशिवाय पुढचे कळणार नाही. पाझर तलावाचे मुख्य काम पाणी मुरवण्याचे. तळात मुरलेले पाणी खालच्या अंगाच्या विहिरींना लागते. पण दर पावसाळ्यात डोंगरउतारावरची माती वाहून येते आणि तळावर बसते. ही माती बारीक आणि चिकट. तिचा थर जाड झाला की तलावाचे तोंड शिवल्यासारखे होते. पाणी मुरतही नाही आणि साठायला जागाही उरत नाही. वर पसरलेले पाणी उन्हाने उडून जाते. एक घनमीटर गाळ काढला की एक हजार लिटर पाण्याला जागा होते. आणि तोच गाळ बरड, मुरमाड वावरात पसरला तर ओल धरून ठेवतो, पिकाला खताचा आधार होतो. म्हणजे एका खोदकामात दोन कामे. आपल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होते. बैलगाडीने तळ्याची माती वावरात नेण्याची रीत जुनीच आहे. नवे आले ते यंत्र.

हे यंत्र बुलढाण्यात मोठ्या संख्येने आले २०१८ मध्ये. भारतीय जैन संघटनेने 'सुजलाम सुफलाम' या नावाने शंभराहून अधिक जेसीबी आणि पोकलेन जिल्ह्यात उतरवले. यंत्रे संस्थेची, डिझेल सरकारचे आणि निघालेला गाळ शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने वाहून न्यायचा, अशी वाटणी होती. त्याच सुमाराला दुसरीही एक युक्ती इथे जमली. राष्ट्रीय महामार्गाच्या भरावाला माती आणि मुरूम लागतो. तो डोंगर फोडून आणण्यापेक्षा तलाव आणि नाले खोल करून घ्यावा. ठेकेदाराला माती मिळेल, गावाला फुकटात खोली मिळेल. याला सरकारी कागदात 'बुलढाणा पॅटर्न' असे नाव पडले आणि ते दिल्लीपर्यंत गेले. युक्ती चांगली आहे, हे आम्ही मान्य करतो. फक्त खोदणारा रस्त्याच्या गरजेने खोदतो की तळ्याच्या, यावर गावाचा डोळा हवा. सरळ उभा कडा कापून ठेवला तर त्यात गुरे पडतात आणि लेकरेही बुडतात. उतार राखून खोदणे हे काही अवघड काम नाही.

याच तालुक्यात सिंदखेड नावाचे गाव आहे. जिजाऊंचे ते सिंदखेड राजा वेगळे, हे मोताळ्याचे. पानी फाउंडेशनच्या 'सत्यमेव जयते वॉटर कप' स्पर्धेत २०१८ साली या गावाने राज्यात दुसरा क्रमांक विभागून मिळवला. बरोबरीचे गाव होते सातारा जिल्ह्यातले भांडवली. त्या वर्षी राज्यातले ७५ तालुके स्पर्धेत होते आणि कामाची मुदत होती ८ एप्रिल ते २२ मे. म्हणजे ऐन वैशाखातले पंचेचाळीस दिवस! रात्री उन्हे निवल्यावर बत्तीच्या उजेडात आणि पहाटे तांबडे फुटायच्या आत गावेच्या गावे टिकाव-फावडे घेऊन डोंगराला भिडली होती.

आमच्या पोरीला सर्वांत आवडला तो हायड्रोमार्कर. नाव भारी असले तरी वस्तू साधी आहे. दोन मापाच्या काठ्या आणि त्यांना बांधलेली पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. दोन्ही काठ्यांवर पाण्याची पातळी सारखी आली की त्या दोन जागा सारख्या उंचीवर आहेत असे समजायचे. अशा सारख्या उंचीच्या खुणा जोडत गेले की डोंगराच्या अंगावर एक रेघ तयार होते. त्या रेघेवर चर खोदला की धावणारे पाणी तिथे थांबते, चरात मुरते आणि वरची माती खाली तलावात येत नाही. त्याला समतल चर म्हणतात. सातवी-आठवी शिकलेली बाई हे मोजमाप एका दिवसात शिकते. इंजिनियरची वाट पाहावी लागत नाही. आम्हाला विचाराल तर जेसीबीपेक्षा ही नळी मोठी. जेसीबी गाळ काढतो. ही नळी गाळ येऊच नये याची सोय करते. नुसता गाळ काढायचा आणि वरचा डोंगर उघडा ठेवायचा म्हणजे गळक्या छपराखाली रोज पाणी उपसत बसण्यासारखे आहे.

आणि यंत्राने पाऊस पडत नाही, हेही २०१८ नेच दाखवले. त्या वर्षी पावसाने दगा दिला आणि ऑक्टोबरात सरकारला राज्यातल्या दीडशेवर तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. एवढी मेहनत करून चर कोरडे राहिलेले पाहणाऱ्या माणसांच्या जिवाचे काय झाले असेल! तरी चर जागेवरच होते. पुढच्या पावसाचे पाणी त्यांनीच धरले.

आता आमच्या प्रश्नाकडे येतो. त्या पाझर तलावावर आजी परत आल्यावर आमच्या वहिनींनी विचारले, "आजी, तुम्ही नेला का गाळ?"

"मी कुठं टाकू माय? वावर नाई ना आमाले. आंगनात टाकू काय?" आजी हसल्या. आम्हाला हसू आले नाही.

गाळ फुकट आहे, पण तो पसरायला जमीन लागते आणि न्यायला ट्रॅक्टरचे भाडे लागते. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही राज्याची योजना २०१७ ची. सुरुवातीला वाहतुकीचा सगळा खर्च शेतकऱ्याच्या माथी होता, त्यामुळे ज्याच्या दारात ट्रॅक्टर त्याच्या वावरात गाळ. २०२३ मध्ये तीत सुधारणा झाली. अल्पभूधारकांना, विधवा आणि अपंग शेतकऱ्यांना, तसेच आत्महत्या झालेल्या शेतकरी कुटुंबांना एकरी १५ हजार आणि जास्तीत जास्त अडीच एकरांसाठी ३७,५०० रुपये अनुदान ठरले. ही चांगली गोष्ट आहे, आणि आपल्यापैकी ज्यांच्याकडे एक-दोन एकर तुकडा आहे त्यांनी ती सोडू नये. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याचे काय? त्याचा या योजनेत उल्लेखच नाही.

याच्या पुढचा पेच आणखी अवघड आहे. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजना २००४ पासून आहे. चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन सरकारने विकत घेऊन द्यायची. आधी निम्मे अनुदान आणि निम्मे बिनव्याजी कर्ज होते. २०१८ पासून पूर्ण अनुदान झाले. दर ठरलेला, जिरायतीला एकरी पाच लाखांपर्यंत आणि बागायतीला आठ लाखांपर्यंत. अडचण अशी की या दरात जमीन विकायला कोणी तयार होत नाही. आता विचार करा. तलावात पाणी आले, विहिरींना झरे लागले, की खालच्या वावराचा भाव चढतो. म्हणजे ज्या माणसाच्या आईने टोपल्याने तलाव बांधला, त्याच तलावाचे पाणी वाढले म्हणून त्याला मिळू शकणारी जमीन आणखी लांब जाते. हे कोणी मुद्दाम करते असे आमचे म्हणणे नाही. पण हिशेब असा पडतो खरा.

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर प्रश्न पाण्याला हात लावण्याचा होता. आज बहुतेक ठिकाणी हात कोणी धरत नाही. आज प्रश्न वाट्याचा आहे, आणि तो तळ्यावर जाऊन सुटत नाही. तो ग्रामसभेत मांडावा लागतो.

भूमिहीनाला पाण्यातून काहीच मिळत नाही असे मात्र नाही. एका गावातल्या मजुरी करणाऱ्या ताईंनी आम्हाला नीट समजावले. पूर्वी दिवाळीनंतर गावात काम संपायचे आणि वीटभट्टी किंवा ऊसतोडीची वाट धरावी लागायची. पाणी टिकल्यापासून हरभरा, गहू, भाजीपाला होतो. खुरपणीला, सोंगणीला बोलावणे येते. "पोरीची शाळा सुटली नाही हो, हेच मोठं," असे त्या म्हणाल्या. हंड्याची पायपीट कमी झाली, तीही बाईचीच होती. हे लाभ खरे आहेत, छोटे नाहीत. फक्त ते दुसऱ्याच्या वावरातून ओघळून आलेले आहेत. हक्काने मागण्यासारखेही काही आहे. गावतलावातली मासेमारी ठेक्याने जाते. तो ठेका भूमिहीन बायांच्या गटाला का नको? चरांच्या कडेला लावायची रोपे तयार करण्याचे काम आपल्या बचत गटाला का नको? गायरानात वाढलेले गवत कापून नेण्याचा पहिला हक्क शेळी पाळणाऱ्याला का नको? या मागण्यांना ट्रॅक्टर लागत नाही. १ मे किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला आपल्या वस्तीने एकजुटीने हजर राहणे लागते.

मोताळ्याहून घाट चढून बुलढाणा, तिथून चिखलीमार्गे देऊळगाव राजाकडे निघालो. वाटेत खडकपूर्णा नदीवरच्या धरणाचा मोठा जलाशय लागतो. त्याचे नाव संत चोखासागर. जवळच मेहुणा राजा हे चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाते. ज्या माणसाला पंढरीच्या देवळाची पायरी ओलांडू दिली नाही, त्याच्या नावाने आज एवढे पाणी साठले आहे! बाबासाहेबांनी १९४८ मधला 'अस्पृश्य मूळचे कोण' हा आपला इंग्रजी ग्रंथ ज्या तीन संतांना अर्पण केला, त्यांत चोखामेळा आहेत. ते आम्ही पोरीला तिथेच काठावर सांगितले. उन्हाने जलाशय आत सरकला होता आणि उघड्या पडलेल्या काठावर बगळे टिपत फिरत होते. आमचा तासभर तिथे सहज गेला.

सिंदखेड राजाला आम्ही फार थांबलो नाही. त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मोती तलाव, चांदणी तलाव आणि पुतळा बारव मात्र अवश्य पाहावेत. जाधवरावांच्या काळातली ही बांधकामे आहेत. मोती तलावाच्या दगडी भिंतीवरून चालताना एक विचार येतो. दगड कुणाच्या खांद्यावरून आले हे त्या काळीही कोणी लिहून ठेवले नाही.

पुढे दुसरबीड, बीबी करत लोणार. इथे मात्र आतापर्यंत पाहिलेल्या गोष्टींचा सगळा नियम उलटतो.

लोणारचे सरोवर आकाशातून पडलेल्या अशनीच्या धडकेने झाले. काळ्या बसाल्ट खडकात झालेले एवढे ठळक विवर जगात दुर्मिळ. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठापासून तळापर्यंतची खोली दीडशे मीटरच्या आसपास. वय किती यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे निघते, दुसऱ्या पद्धतीने पावणेसहा लाखांच्या घरात. पाणी खारट तर आहेच, पण त्याहून ते क्षारयुक्त आहे. सोड्याच्या पाण्यासारखे बुळबुळीत लागते आणि लाल लिटमस कागद निळा करते. जुन्या काळी या तळ्यातून खार काढला जाई. त्याच्या प्रकारांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी इथली नावे होती आणि तो साबणाला, रंगकामाला, काचेच्या बांगड्यांना वापरत. चिखलातून तो खार उपसणारे हातही मजुरांचेच.

अशा पाण्यात मासा जगत नाही, असे आपण शाळेत शिकलो. पण तिथे डोळ्याला न दिसणाऱ्या जिवांचे एक अख्खे जग आहे. हिरवे-निळे शेवाळ आहे, क्षारातच वाढणारे जिवाणू आहेत. २०२० च्या जून महिन्यात सगळे पाणी एकाएकी गुलाबी झाले तेव्हा देशभर गवगवा झाला. कोणी कोप म्हणाले, कोणी चमत्कार. नागपूर खंडपीठाने विचारणा केली, वनखात्याने नमुने पाठवले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण सांगितले. उन्हाने पाणी आटून खारटपणा वाढला आणि खारात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले, त्यांच्या अंगच्या रंगाने पाणी गुलाबी दिसले. पाऊस पडला, रंग गेला. आपल्या घरातल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी. कोप नव्हे, चमत्कार नव्हे. बाटलीत पाणी घेऊन तपासले की उत्तर मिळते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार रामसरच्या यादीत गेले. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातले दुसरे. पण यादीत नाव गेले म्हणून दुखणे बरे होत नाही. लोणारचे दुखणे तीन प्रकारचे आहे. गावाचे सांडपाणी वर्षानुवर्षे उतारावरून सरोवरात येत राहिले. उतारांवर वेडी बाभूळ माजली, तिने देशी झाडांची जागा खाल्ली. आणि आसपासच्या वावरांतली खते-औषधे पावसाबरोबर खाली येतात. याविरुद्ध लोणारच्याच काही नागरिकांनी २००९ मध्ये नागपूर खंडपीठात याचिका केली आणि न्यायालय तेव्हापासून सरकारला एकेक गोष्ट विचारत आले आहे. सांडपाणी थांबवण्याचे, बाभूळ काढण्याचे, स्वच्छतेचे जे काम झाले त्यामागे हा रेटा आहे.

सामान्य तळ्यात गोडे पाणी आले की आपण आनंदतो. लोणारला तेच जास्त झाले की धोका. गोड पाणी वाढले की क्षार पातळ होतो आणि क्षारात जगणारे जग संपायला लागते. अलीकडच्या वर्षांत पाणी वाढून कमळजा देवीच्या देवळापर्यंत आल्याने जाणकार काळजीत आहेत. इथे गाळ काढायला जेसीबी घातला तर हजारो वर्षांचा तळाचा थर, म्हणजे पावसाची-दुष्काळाची सगळी वहीच, फाडून टाकल्यासारखे होईल. इथे दुरुस्ती करायची म्हणजे मुख्यतः आपण जे आत सोडतो ते थांबवायचे.

कोकणात मालवणच्या समुद्रात याच्या जवळचा प्रकार आहे. तिथे पाण्याखाली प्रवाळ आहेत. प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण तो असंख्य बारीक प्राण्यांनी बांधलेले घर असते. समुद्र तापला की ते प्राणी पांढरे पडतात आणि मरतात. होडीचा नांगर पडला तरी मोडतात. तिथे प्रवाळाचे तुकडे सिमेंटच्या चौकटींवर बांधून, पाण्यात सोडून, पुन्हा वाढवण्याचे प्रयोग झाले आहेत. शास्त्रज्ञ चौकट बनवतो, पाणबुड्या ती तळाशी ठेवतो. पण मच्छीमाराने आणि पर्यटकांना नेणाऱ्या होडीवाल्याने नांगर कुठे टाकायचा नाही हे मनावर घेतले नाही तर सगळे पाण्यात. म्हणूनच तिथे किनाऱ्यावरच्या माणसांना कामात धरावे लागते. लोणारला किनाऱ्यावरची माणसे म्हणजे लोणारचे गावकरी. अभयारण्य म्हटले की सरपणाची मोळी आणि शेळी बाहेर, हे ठरलेले. ते असावेही. पण मोळी विकून चूल पेटवणाऱ्या बाईला बाभूळ तोडण्याची, रोपे लावण्याची मजुरी नेमाने मिळाली तर तीच त्या जंगलाची राखणदार होईल. बाहेरून ठेकेदार आणून बाभूळ तोडली तर ती पुन्हा उगवेल. ती उगवतेच, मुळासकट न काढता तोडली की दुप्पट.

आम्ही वाट मोकळी होती तिथपर्यंत खाली उतरलो. वर धारेचे गोडे पाणी अखंड पडते, खाली सोड्याचा वास येतो. शंभर पावलांत पाण्याची दोन रूपे. लोणारची काही तरुण मुले वाटेवरच्या प्लास्टिकच्या बाटल्या पोत्यात भरत होती. कोणी सांगितले म्हणून नव्हे, रविवार होता म्हणून. त्यांतला एक जण बारावी होऊन वाटाड्याचे काम शिकत होता. विवर कसे झाले, कोणता पक्षी कोणत्या महिन्यात येतो हे त्याला तोंडपाठ होते. त्याच्याबरोबर फिरायला आम्ही ठरलेल्यापेक्षा दोन तास जास्त घेतले.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी. रेल्वेने मलकापूरला उतरावे. तिथून मोताळा आणि राजूर घाटमार्गे बुलढाण्याला एस.टी. मिळते. लोणारला मेहकरहून जाणे सोयीचे. तिन्ही-चारही ठिकाणे एका दिवसात कोंबू नयेत. दोन दिवस काढावेत. लोणारला सकाळी लवकर उतरावे, चप्पल घट्ट असावी, वयस्क माणसांनी काठावरूनच पाहावे. सरोवराच्या पाण्यात उतरू नये, काही टाकू नये, काठावरचा दगड खिशात घालून आणू नये. आणि वाटेत एखादा पाझर तलाव दिसला, बांधावर एखादी आजी बसलेली दिसली, तर गाडी थांबवून विचारावे की हा कोणी बांधला.